कारवीची काळजी कोण करणार?

शिंदळ माकुडी आणि कारवी, दोघी सह्याद्रीच्याच. माकुडीचं नाव संकटग्रस्त वनस्पतींच्या चर्चेत पहिल्या ओळीत असतं. कारवीची काळजी करावी असं मात्र कुणाच्या मनातही येत नाही. झाडं मोजून पाहिली तर हे रास्त वाटतं. माकुडी महाराष्ट्राबाहेर रानात उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांच्या कपारींत ती तग धरून आहे, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत एकेकाळी तिची गणना केली होती. पण तिच्या मांसल खोडाचा तुकडा मातीत खोचला तरी मूळ धरतो, म्हणून वनस्पती उद्यानांत आणि हौशी संग्राहकांच्या कुंड्यांत ती जगते आहे. एकाच रोपाचे शंभर तुकडे म्हणजे शंभर वेगळी रोपं नव्हेत, त्यामुळे कड्यांवरच्या झाडांना पर्याय नाही. तरीही तिच्यासाठी दुसरी संधी शिल्लक आहे.

कारवीला ती नाही. सात वर्षं ती नुसती वाढते, आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो, बी धरतं आणि झुडपं मरतात. बोंडं वाळक्या फांद्यांवरच राहतात आणि पुढे तडकून बी उधळतात. म्हणजे लाखो झुडपं असली तरी एका उतारावर ती सगळी एकाच वयाची! फुलोऱ्यानंतरच्या त्या एका उन्हाळ्यात वणवा लागला, किंवा बी पडण्याआधीच रस्त्यासाठी उतार खरवडला गेला, तर मागे राहिलेली दुसरी पिढी तिथे नसते.

कुणी म्हणेल, साधनं अपुरी आहेत, आधी दुर्मीळ ते वाचवू. शिवाय कुडाच्या भिंतींसाठी पिढ्यान्‌पिढ्या कारवी तोडूनही ती संपली नाही. खरं आहे, पण कुडासाठी काठ्या जातात, यंत्रामुळे उतारच जातो. कारवीची दक्षिणेतली बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. तिनेही डोंगर झाकले होते. चहामळे, निलगिरीची लागवड आणि पर्यटन वाढत गेलं, आणि २०२४ मध्ये आययूसीएनने तिला ‘असुरक्षित’ ठरवलं. कारवीसाठी मोठा निधी लागणारच नाही. फुलोऱ्याच्या वर्षी त्या उतारांवरची गर्दी आवरावी, पुढच्या उन्हाळ्याआधी जाळरेषा काढाव्यात आणि बी पडेपर्यंत तिथे खोदकामाला परवानगी देऊ नये.