डिसेंबरात पाहावे, मार्चमध्ये वाकवावे

सूचिपर्णी झाड बारा महिने हिरवे असते, ही आपली समजूत लार्च खोटी ठरवतो. त्याच्या सुया शरद ऋतूत सोनेरी होतात आणि सगळ्या गळून पडतात. भारतात त्याची एक जात सिक्कीमच्या उंचीवर आढळते. महाराष्ट्राच्या हवेत मात्र तो टिकणे कठीण, कारण त्याला खरी, लांबलेली थंडी लागते. अमेरिकेत ती भरपूर आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनपासून मेनपर्यंतच्या दलदलींत टॅमरॅक नावाचा लार्च वाढतो, आणि तिथल्या बोन्साय करणाऱ्यांसाठी तो एक खजिनाच आहे. दलदलीत पोषण तुटपुंजे आणि बर्फाचा भार मोठा, त्यामुळे मनगटाएवढ्या खोडाचे झाडही बरेच जुने असू शकते. शेवाळाचा थर वर चढत गेला की टॅमरॅक बुंध्याच्या वरच्या भागातून नवी मुळे सोडतो. त्याच्या बुंध्यापासून मुळात वळणाऱ्या बाकदार लाकडाचा एके काळी लाकडी जहाजांच्या कोनांना आधार देण्यासाठी खास उपयोग होई. बोन्साय करणारा शोधतो तोही हाच बाक.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातला बोन्साय संग्रह 1976 साली जपानने भेट दिलेल्या 53 झाडांपासून सुरू झाला. अमेरिकन बोन्सायला स्वतःचा चेहरा मिळाला तो पुढे, स्थानिक झाडे कुंडीत येऊ लागली तेव्हा. मॅसॅच्युसेट्सचे निक लेंझ यांनी न्यू इंग्लंडच्या दलदलींतून लार्च आणून घडवले आणि रानातल्या झाडांवर पुस्तकही लिहिले. (राष्ट्रीय उद्यानातून झाड उपटणे बेकायदा आहे, राष्ट्रीय वनांत आधी परवाना काढावा लागतो. हा मुद्दा सौंदर्याच्या चर्चेआधीचा आहे.) आणलेल्या झाडाला निदान एक पूर्ण हंगाम, शक्यतो दोन, हात न लावता मुळे धरू द्यावी लागतात. मगच फांद्या वाकवण्यासाठी तार कधी गुंडाळावी हा प्रश्न येतो.

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असे की लार्चला तार हिवाळ्यात गुंडाळावी, कारण तेव्हा पाने नसतात आणि झाड झोपलेले असते. या एका वाक्यात दोन वेगळी कामे मिसळली आहेत. झाडाचा आकार ठरवणे हे एक काम आणि फांदी वाकवणे हे दुसरे. पहिल्यासाठी डिसेंबरसारखा महिना नाही. सुया गळल्यावर प्रत्येक सांधा, एकाच ठिकाणाहून फुटलेल्या फांद्यांची गर्दी, जुन्या फांद्यांवरचे गाठीसारखे आखूड कोंब, सगळे उघडे पडते. दुसऱ्या कामासाठी मात्र, निदान उत्तरेकडच्या राज्यांत, हिवाळ्याचे शेवटचे आठवडेच योग्य आहेत, असे माझे मत आहे.

त्याचे कारण फांदी वाकलेली कशी राहते यात आहे. तार फांदीला नुसती धरून ठेवते. वळण पक्के होते ते सालीखाली नवे लाकूड चढल्यावर, आणि ते वाढीच्या हंगामातच चढते. म्हणजे डिसेंबरात घातलेल्या तारेला मार्चमधल्या तारेपेक्षा तीन महिन्यांचा फायदा मिळत नाही. तोटा मात्र होऊ शकतो. वाकवताना सालीत बारीक चिरा पडतातच. त्या भरून काढणारा थर थंडीत निष्क्रिय असतो, म्हणून डिसेंबरची चीर वसंतापर्यंत उघडी राहून सुकते. शिवाय गोठलेले लाकूड ठिसूळ असते. अशी फांदी वळत नाही, मोडते. उलट फार उशीर केला तर डोळे फुगतात आणि तार फिरवताना अंगठ्याच्या एका धक्क्याने गळतात. कुंडीतली माती वितळल्यापासून डोळे फुगेपर्यंतचा अवधी, तेवढाच आपला. तो लहान असतो, आणि म्हणूनच निर्णय आधी झालेले असावेत.

कोणी म्हणेल, उत्तरेकडचा टॅमरॅक उणे 65 अंशांपर्यंतची थंडी सोसतो, त्याला चिरांचे काय भय? पण ती सहनशक्ती अखंड फांदीची आहे: पेशींतले पाणी बाहेर सरकते आणि पेशींच्या मधल्या जागेत गोठते, म्हणून पेशी वाचतात. फाटलेल्या सालीला हे संरक्षण पुरत नाही; आणि कुंडीतली मुळे तर फांद्यांइतकी काटक कधीच नसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओरेगन किंवा वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याकडे पानगळ होताच तार घालणारे निष्णात लोक आहेत, आणि त्यांची झाडे उत्तम असतात. ते बरोबरच आहे. तिथला हिवाळा ओला आणि सौम्य. वाकवलेली फांदी कडक गारठ्यात सापडत नाही. ज्याच्याकडे शंभर झाडे आहेत त्याला काम हिवाळाभर वाटून घ्यावेही लागते. मिनेसोटात ज्याच्याकडे शून्याच्या आसपास तापमान राहणारी शेड आहे, त्यानेही जानेवारीत खुशाल वाकवावे. नियम महिन्याचा नाही, तार घातल्यानंतर झाडाला काय सोसावे लागणार याचा आहे.

मग डिसेंबरात नेमके काय ठरवायचे? मुख्यतः काय ठेवायचे ते. रानातल्या जुन्या लार्चच्या फांद्या बर्फाने खाली झुकलेल्या असतात, शेंडा बहुधा मोडून नव्याने फुटलेला असतो. या खुणा पुसून पाठ्यपुस्तकातला त्रिकोण काढला, तर झाड रानातून आणलेच कशाला? मला कमी तार पटते: तीन-चार मुख्य फांद्या खाली, बाकीच्यांना फक्त दिशा. जाड फांद्यांना तापवून मऊ केलेली तांब्याची तार, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. बारीक फांद्यांना ॲल्युमिनियम चालते. गुंडाळताना आखूड कोंब तारेखाली दाबले जाऊ नयेत, कारण पुढची पालवी तिथूनच येते.

खाली ओढलेली फांदी मुकाट्याने राहत नाही. सूचिपर्णी झाडे झुकलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला दाट, ढकलणारे लाकूड बनवतात आणि ती पुन्हा वर उचलू पाहतात. त्यात लार्च उन्हाळ्यात झपाट्याने जाड होतो, तेव्हा मे संपताच दर आठवड्याला तार तपासावी लागते. रुतू लागली की ती उलगडत न बसता तुकडे तुकडे कापून काढावी. फांदी थोडी वर आली, तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तार घालावी. जाड फांदीला असे दोन-तीन हंगाम लागणे नेहमीचेच आहे.