सहा चुंबकं, चार कॉइल

केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ला दुर्मीळ मृदा चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. त्या आठवड्यात डहाणू तालुक्यातल्या चारोटीला आमच्या ओटीवरही चुंबकांवरूनच वाद चालला होता. एप्रिलमध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर घातलेले निर्बंध, बजाजच्या चेतक ई-स्कूटरला बसलेला फटका, हे सगळं वाचकांनी वाचलंच आहे. त्याची उजळणी नको. आमचा वाद छोटा होता. भाच्याने विज्ञान प्रदर्शनासाठी पल्स मोटर केली होती. एक कॉइल जोडली की चाक झकास फिरायचं. चारही जोडल्या की अंगात आल्यासारखं थरथरायचं आणि रेंगाळायचं.

‘‘मामा, चुंबकंच कमजोर आहेत.’’ त्याचं निदान तयार होतं, आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणखी जाड चुंबकं आणायची यादीही. मला चुंबकांवर संशय नव्हता. सात हजार कोटी बाजूला ठेवा, सहा चुंबकंसुद्धा बदलायची गरज नव्हती.

आमच्याकडच्या महालक्ष्मीच्या यात्रेत हाताने ढकलायचा घोड्यांचा चक्री पाळणा ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही मोटर समजावून सांगावी लागणार नाही. घोडे म्हणजे चाकावरची चुंबकं, ढकलणारी पोरं म्हणजे कॉइल. घोडा समोरून सरकला की पोराने त्याच्या पुठ्ठ्याला क्षणभर रेटा द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. विजेचा हा रेटा म्हणजेच पल्स. कधी ढकलायचं, ते चाकाजवळ बसवलेला सेन्सर सांगतो. सेन्सर म्हणजे शिट्टीवाला.

आता भाच्याचा पाळणा बघा. घोडे सहा, म्हणजे दर ६० अंशांवर एक. पोरं चार, दर ९० अंशांवर एक. शिट्टी मात्र एकच, पहिल्या पोराजवळची. शिट्टी वाजते तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या पोरासमोरून घोडा नुकताच सरकलेला असतो. ते दोघे बरोबर रेटा देतात. दुसरा आणि चौथा मात्र दोन घोड्यांच्या मधल्या फटीत उभे. गेलेला घोडा लांब, येणारा किंचित जवळ. त्यांचा रेटा बसतो तो येणाऱ्या घोड्याच्या छातीवर! दोघे पळवतात, दोघे अडवतात, आणि बॅटरी चौघांनाही मजुरी देते. चार कॉइल समांतर जोडल्यावर करंट जवळपास चौपट. त्या ओझ्याने बॅटरीचा व्होल्टेज बसतो आणि जे दोघे नीट ढकलत होते त्यांचाही जोर जातो.

यावर इलाज तीन. आठ चुंबकं लावा, दर ४५ अंशांवर एक, म्हणजे चारही कॉइलसमोर एकाच वेळी चुंबक येईल. किंवा चुंबकं सहाच ठेवून कॉइल तीन करा, १२० अंशांवर. किंवा दुसऱ्या जोडीला तिचा वेगळा सेन्सर आणि करंट चालू-बंद करणारा वेगळा ट्रान्झिस्टर द्या. हा तिसरा मार्ग शहाण्यांचा, कारण मग कॉइल आळीपाळीने ढकलतात आणि मोटर थरथरत नाही. तुमच्या छतावरचा बीएलडीसी पंखा याच घराण्यातला: आत कॉइल, भोवती फिरणारी कायमची चुंबकं, आणि कोणत्या कॉइलला कधी करंट द्यायचा हे ठरवणारा कंट्रोलर. जुना पंखा ७५ वॅट खायचा तिथे हा तीसेक वॅटमध्ये भागवतो. आयआयटी मुंबईच्या दोन पदवीधरांनी ‘ॲटमबर्ग’ उभी केली ती याच पंख्यांवर.

पण कोनांचं गणित घालण्याआधी मी नाक्यावरच्या मोटर बांधणाऱ्या मिस्त्रींना गाठलं. शेतावरचे जळके पंप बांधण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी चाकाकडे पाहिलंही नाही. कॉइलचं टोक नखाने ओरखडलं. ‘‘तार खरवडली का नीट, दादा?’’ तांब्याच्या तारेवर एनॅमल असतं, ते नुसतं पिळून जोडलं तर करंट कधी जातो, कधी नाही. मग त्यांनी एकेक कॉइल सेलला लावून होकायंत्र जवळ नेलं. पहिली, दुसरी आणि चौथी यांनी सुईचं एकच टोक ओढलं, तिसरीने विरुद्ध टोक. ती उलटी जोडलेली होती. म्हणजे चार पोरांतलं एक ढकलायच्या ऐवजी शेपूट ओढत होतं. कोनाची चूक होतीच, त्यात ही भर.

बाकीचे दोष नेहमीचे. ए३१४४ सारखा हॉल सेन्सर एकाच ध्रुवाला ओळखतो. चाक ढिम्म राहिलं तर आधी सेन्सर फिरवून दुसरी बाजू चुंबकाकडे करून पाहावी. त्याच्या जागी चुंबकाने मिटणारा रीड स्विच असेल तर ठिणगीने त्याची पाती चिकटतात आणि कॉइल तापत राहते. आणि ट्रान्झिस्टर मरतात, कारण करंट तोडला की कॉइल उसळते, १२ व्होल्टच्या जागी कितीतरी पट उंच झटका मारते. कॉइलला उलटा डायोड आडवा लावला की तो झटका जिरतो.

खरवडण्यावरून अरविंद गुप्ता आठवले, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. आयआयटी कानपूरचा हा इंजिनीअर पुण्याच्या टेल्कोत होता. १९७८मध्ये रजा काढून होशंगाबादला गावातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेला, आणि पुढे आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करत राहिला. पुण्याला आयुकाच्या आवारात, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दशकभर मुलांकडून ती करून घेतली. २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मोटर म्हणजे एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची पट्टी, एक चुंबक आणि तारेची गुंडाळी. तिच्यातली मेख एकच: टोकावरचं एनॅमल सगळीकडून खरवडायचं नाही, एक बाजू तशीच ठेवायची. अर्ध्या फेरीत करंट, अर्ध्या फेरीत विश्रांती. पूर्ण खरवडलं तर पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला रेटा दुसऱ्या अर्ध्यात उलटा बसतो आणि गुंडाळी डुगडुगत राहते. सेन्सर नाही, ट्रान्झिस्टर नाही, तरी ही शुद्ध पल्स मोटरच. चार कॉइलचं यंत्र अडलं की आधी ही करून पाहावी, असं माझं मत. शिक्षकांनी तर नक्कीच.

आता नाजूक विषय. भाच्याच्या चार्टवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘इंधनाशिवाय वीज’. अशी मोटर स्वतःची बॅटरी स्वतःच भरते, ही समजूत जगभर आहे. अमेरिकेतल्या जॉन बेडिनींचं नाव त्यासाठी घेतलं जातं. चारोटीच्या पोराला तिची भुरळ पडली तर मी हसणार नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना. इथल्या सूर्या नदीचं पाणी वसई-विरारला. फुकट वीज मिळावी असं इथे नाही वाटणार तर कुठे?

पण मोजमाप फसवं असतं. कॉइलचे झटके लेड-ॲसिड बॅटरीत सोडले की टर्मिनलवरचा व्होल्टेज चढतो, मीटर १२.८ दाखवतो आणि माणूस हुरळतो. तो चढ वरवरचा. खरी परीक्षा बल्ब लावून घ्यायची: मोटर चालवण्याआधी बल्ब किती तास जळला, नंतर किती.

आम्ही ते तास मोजत बसलो नाही. तीन कॉइल १२० अंशांवर बसवल्या, चाक सुसाट सुटलं. उरलेली चौथी भाच्याने चाकाजवळ मोकळी धरली, तिच्या टोकांना एलईडी लावला. पेटला! पोराने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी एलईडी काढून त्या कॉइलची दोन टोकं एकमेकांना जोडायला सांगितली. चाकाचा आवाज खाली उतरला. सोडली, वर चढला. जोडली, उतरला. असं त्याने सात-आठ वेळा केलं.

‘‘मामा, वीज घेतली की हे दमतंय.’’

मग त्याने व्हाइटनर मागितला.