रिंगणाची फीत संगणकावर

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागली, की काटेवाडीस मेंढ्यांचे आणि बेलवाडीस अश्वाचे रिंगण होते. वीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी हा सोहळा मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर टिपला, त्यांच्या कपाटातील, आगपेटीहून किंचित मोठ्या अशा त्या कॅसेटी आता विनाविलंब संगणकाच्या दफ्तरी दाखल व्हावयास हव्यात, कारण त्या चालविणारी यंत्रेच दुर्मिळ होत आहेत.

या फितीवरील चित्र मुळातच अंकरूप असल्यामुळे फायरवायर नावाच्या तारेने केलेली तिची नक्कल मुळाबरहुकूम उतरते. मात्र फीत नेहमीच्या गतीनेच फिरत असल्याने साठ मिनिटांच्या कॅसेटीस साठ मिनिटे आणि सुमारे १३ जीबी जागा लागते. नव्या संगणकांस या तारेची जोडणी नसते, आणि कॅमेऱ्याच्या यूएसबी मार्गाने पुष्कळदा केवळ स्थिरचित्रेच येतात. म्हणून फायरवायर असलेला जुना संगणक मिळविणे हाच, माझ्या मते, खात्रीचा उपाय होय.

फीत आधी एकवार शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळावी. धावत्या अश्वाच्या जागी चौकोनी ठिकऱ्या दिसू लागल्या, तर कॅमेऱ्याचे हेड मळले आहे असे समजून सफाईची कॅसेट काही सेकंद चालवावी. नक्कल झाली तरी मूळ फीत कोरड्या जागी उभी जपून ठेवावी.