हीथ हेनची अखेर

ग्राउज हे कोंबड्यांच्या गणातील पक्षी उत्तर गोलार्धाच्या थंड व समशीतोष्ण प्रदेशांत राहतात. त्यांच्या पायांवर पिसे असतात आणि नाकपुड्याही पिसांनी झाकलेल्या असतात. हिमाळ्यात तग धरण्यास ही रचना उपयोगी पडते. भारतात ग्राउज आढळत नाही. आपल्या माळावरील पखुर्डीला इंग्रजीत सँडग्राउज म्हणतात खरे. परंतु तिचे कूळ अगदी निराळे आहे.

उत्तर अमेरिकेतील ‘प्रेअरी चिकन’ या ग्राउजची हीथ हेन ही एक उपजाती होती. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या खुरट्या ओकच्या माळरानांत ती एके काळी विपुल असे. वसंत ऋतूत नर मोकळ्या जागी जमत आणि मानेवरील नारिंगी पिशव्या फुगवून घुमत. तो नाद ऐकून माद्या तेथे येत. शिकार आणि अधिवासाचा नाश यांमुळे १८७० च्या सुमारास मुख्य भूमीवरून ती नाहीशी झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर मात्र काही पक्षी उरले.

१९०८ साली त्यांच्यासाठी तेथे राखीव क्षेत्र स्थापन झाले. त्या वेळी जेमतेम ५० च्या आसपास असलेली संख्या पुढील आठ वर्षांत अनेक पटींनी वाढली. संकट टळले, असे वाटण्याजोगीच ही प्रगती होती. परंतु मे १९१६ मध्ये, ऐन विणीच्या हंगामात, सोसाट्याच्या वाऱ्याने भडकलेला वणवा त्या माळरानावरून गेला. अंडी उबविणाऱ्या माद्या मोठ्या संख्येने बळी पडल्या. पाठोपाठ कडक हिवाळा आला आणि गॉसहॉक या शिकारी पक्ष्यांनी उरलेल्यांस गाठले. पुढे पाळीव टर्की पक्ष्यांपासून रोग पसरला. जवळच्या नात्यातील पक्ष्यांचीच परस्परांत वीण होत राहिल्याने प्रजननशक्तीही खालावली. १९२८ च्या अखेरीस एकच नर उरला. मीलनाच्या जुन्या जागी तो एकटाच येई. ११ मार्च १९३२ नंतर तो कोणासही दिसला नाही.

शिकारबंदी होती, राखीव क्षेत्र होते, लोकांची आस्थाही होती. तरीही हा पक्षी वाचला नाही. कारण सारे पक्षी एकाच ठिकाणी होते. अनेक ठिकाणी विखुरलेल्या जातीला जो आघात सोसवतो, तोच एका जागी कोंडलेल्या जातीचा अंत ठरू शकतो.

हा धोका इलिनॉय राज्यातील प्रेअरी चिकनलाही भोवला. १९६२ साली तेथे सुमारे २,००० पक्षी होते. १९९४ पर्यंत ते ५० हूनही कमी झाले आणि अंडी उबण्याचे प्रमाण घटले. १९९२ पासून मिनेसोटा, कॅन्सस व नेब्रास्का या राज्यांतून पक्षी आणून तेथे सोडण्यात आले. नव्या रक्ताचा संकर होताच अंडी पुन्हा चांगल्या प्रमाणात उबू लागली. हा उपाय शक्य झाला, कारण आणण्यासाठी अन्यत्र पक्षी शिल्लक होते. हीथ हेनच्या वाट्याला असे ‘अन्यत्र’ उरलेच नव्हते.