लहान विमानाचा अपघात : अवशेषांची साक्ष

मोठ्या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र शोधकर्त्याच्या हाती येण्याची आशा असते. खाजगी मालकीच्या पुष्कळशा लहान विमानांत ते बसविलेलेच नसते. तेथे जमीन आणि अवशेष यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. वर्धा नदीकाठच्या पुलगावसारख्या ठिकाणी, काळ्या जमिनीच्या मोकळ्या शिवारात विमान पडले, तर मातीत उमटलेल्या खुणांवरून ते कोणत्या दिशेने व किती तिरकस आले हे मोजता येते. नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची टोके एकाच जागी सापडतात काय, हे प्रथम पाहावयाचे. एखादा भाग फार मागे पडलेला आढळल्यास विमान हवेतच भंगले असावे, हा तर्क बळावतो.

दाट वस्तीत ही सोय उरत नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेले किंग एअर सी-९० जातीचे दोन इंजिनांचे विमान मुंबईत घाटकोपर येथे, बांधकाम चालू असलेल्या जागी कोसळून जळाले. विमानातील चौघे व एक पादचारी मृत्यू पावले. वैमानिकांनी अखेरच्या क्षणी विमान वस्तीपासून दूर वळविले, अशी वार्ता लगोलग पसरली. ती खरी असेलही. परंतु विमान हेतुपुरस्सर वळविले की तोल जाऊन वळले, हे खालून पाहणाऱ्यास ओळखता येणे कठीण. मृतांचा गौरव करावयाचा तरी पुरावा हवा आणि त्यांना दोष द्यावयाचा तरी हवाच.

इंजिन चालू होते काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. साध्या पिस्टनच्या इंजिनात प्रोपेलरची पाती कशी पिळवटली यावरून पुष्कळ कळते. सी-९० च्या पीटी-६ इंजिनात मात्र हवा दाबणाऱ्या भागाचा आस निराळा आणि प्रोपेलर फिरविणाऱ्या टर्बाइनचा निराळा. दोहोंमध्ये दुवा केवळ तप्त वायूचा. म्हणून इंजिन उकलून आतील चाकांवर घर्षणाच्या वर्तुळाकार खुणा आहेत काय, हे तपासावे लागते. सूचनादिव्यांचे बारीक तंतूही बोलके असतात. आघातसमयी दिवा लागलेला असेल, तर तापलेला तंतू ताणून लांबतो. विझलेला असेल, तर तो ठिसूळपणे तुटतो. मात्र आग ही साक्ष अनेकदा पुसून टाकते.

भारतात नियमांनुसार अशा चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोषी ठरविणे हा नव्हे. १९५१ साली प्रथम स्वीकृत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारपरिशिष्ट १३ चीही हीच भूमिका आहे. दोषाचा निवाडा न्यायालयाकडे राहतो. आणि न्यायालयास लागणारी निश्चिती अवशेषांतून मिळतेच असे नाही, म्हणून चौकशीचे अहवाल ‘संभाव्य कारण’ असाच शब्द योजतात.