विपुल स्मृती आणि संगणकाचा आरंभ

स्मृती वाढविली म्हणून संगणक सुरू होतानाच कोसळावा, हे विपरीत खरे. परंतु पालेगावच्या एखाद्या दुकानदाराने कोठार वाढवावे आणि खतावण्यांनीच त्याची गादी व्यापावी, तसा हा प्रकार आहे. ३२-बिट लिनक्सच्या कर्नेलला स्मृतीच्या ४ किलोबाईटांच्या प्रत्येक पृष्ठाची नोंद ठेवावी लागते, आणि त्याच्या थेट आवाक्यात स्मृती असते सुमारे ८९६ मेगाबाईटच. ६४ गिगाबाईटांची पृष्ठे १,६७,७७,२१६ होतात. नोंद ३२ बाईटांची असल्यास ५१२ मेगाबाईट जागा जाते. ६४ बाईटांची असल्यास १ गिगाबाईट, म्हणजे आरंभच खुंटला! २००३ मध्ये इंगो मोल्नार यांनी कर्नेलला सुमारे ४ गिगाबाईटांचे स्वतंत्र पत्ताक्षेत्र देणारी दुरुस्ती मांडली. नोंदींस जागा मिळाली, परंतु आज्ञावलीने कर्नेलला हाक मारताच दर वेळी पत्त्यांचे कोष्टक पालटावे लागून वेग घटतो. ६४-बिट कर्नेल वापरणे हाच आम्हांस सरळ उपाय वाटतो.