मच्छीमाराचा फोटो ‘डेटा’ कधी होतो?

आपल्या करकंबपासून समुद्र लांब आहे, पण सिटिझन सायन्स समजून घ्यायला हे उदाहरण चांगलं आहे. व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तरी तो चुकून जाळ्यात अडकतो. सोडवायचा तर जाळं कापावं लागतं, आणि नुकसान मच्छीमाराचं होतं. म्हणून डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशा सुटकेसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो.

आता संशोधक म्हणून विचार करा. या फोटोंवरून कोणता जीव कुठे, कधी सापडला ते कळतं. व्हेल शार्कचे कल्ल्यांमागचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात; ते स्पष्ट दिसले तर तोच मासा पुन्हा ओळखता येतो.

पण सुटका वाढल्या म्हणजे शार्क वाढले, असं लिहू नका. कदाचित योजनाच जास्त लोकांपर्यंत पोचली असेल. फोटो आला नाही म्हणजे तिथे शार्क नाही, असंही नसतं.

म्हणून प्रपोजल लिहितानाच एक रकाना ठेवा: किती होड्या, किती दिवस समुद्रात होत्या? हा आकडा नसेल तर संख्येबद्दल दावा करू नका. एखाद्याने स्वतःचं जाळं कापून दिलेली माहिती आहे ती. चुकीच्या निष्कर्षात वाया घालवू नका.